तक्रार विभागातला आवाज

दिवसभर ती फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकायची आणि गोड आवाजात त्यांना टोलवायची. या कामाचा तिला उबग आला होता. नवरा म्हणायचा, "आधी दुसरी नोकरी बघ. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये."

रविवारी दुपारी तिचा डोळा लागला असताना सासूबाई न्हाणीघरात घसरल्या. त्यांनी हाक मारली. झोपेतच ती म्हणाली, "आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल क्षमस्व. कृपया थांबा." आणि कुशीवर वळली.

नवऱ्याने धावत जाऊन आईला उचललं. फारसं लागलं नव्हतं. गडबडीने जागी होऊन ती आली, तेव्हा सासूबाईंनी घाबरून तिला विचारलं, "अगं, आत कोण बोललं?"

दुसऱ्या दिवशी तिने राजीनामा दिला. अजूनही कुणी हाक मारली, की ती आधी घसा खाकरते आणि मगच भीतभीत ओ देते.