मशिनच्या खोलीतली जाळी

त्रिशलाबाईंचा माणसावर विश्वास बसायला फार वेळ लागे, आणि बसला तरी तो उकिडवाच बसे. दूधवाल्याचं माप, धुणंभांडी करणाऱ्या शालूबाईची लगबग, शेजारणीचं गोड बोलणं, सगळ्यामागं त्यांना काहीतरी वेगळंच दिसायचं. त्यामुळे रविवारी एसीचे डक्ट बघायला माणूस येणार म्हटल्यावर त्या सकाळपासून पदर खोचून तयार होत्या.

डक्ट म्हणजे छताआड दडवलेले पत्र्याचे चौकोनी बोगदे. त्यांच्या मुलानं, सम्मेदनं, नागाळा पार्कातला बंगला बांधताना हौसेनं साऱ्या घराला मिळून एकच मोठं एसी घेतलं होतं, आणि खोल्याखोल्यांत हवा पोचवायला हे बोगदे फिरवले होते. आता सगळ्यांचा संशय त्या बोगद्यांवर होता. सहा वर्षांच्या नातीला, चंदनाला, उन्हाळ्याची सुट्टी लागल्यापासून खोकल्याची अशी उबळ यायची की पोर निळी पडायची. दोनदा दवाखान्यात न्यावं लागलं. डॉक्टरांनी सांगितलं, घरातच काहीतरी आहे. ते सापडेपर्यंत हिला दुसरीकडं ठेवा. नाहीच सापडलं, तर बुधवारी तिची रवानगी सांगलीला, आजोळी व्हायची होती. शाळासुद्धा तिकडंच बघायला घेतली होती. नवरा, आप्पासो, गेल्यापासूनची दोन वर्षं त्रिशलाबाईंनी ह्या पोरीकडं बघूनच काढली होती.

मागच्या आठवड्यात एक टायवाला येऊन गेला होता. त्यानं खोलीत डोकावल्यासारखं केलं आणि मोबाईलवर व्हिडिओ दाखवला. आत नुसती काळी बुरशी. "हे तुमच्या घरातलं आहे. सगळं केमिकलनं धुवावं लागेल," तो म्हणाला. सम्मेद हो म्हणणार, तेवढ्यात त्रिशलाबाईंनी चष्मा चढवला.

"आमचं डक्ट चौकोनी हाय की ओ. ह्ये तर गोल दिसतंय. कुणाच्या घरातलं दाखवतायसा?"

टायवाला चहा न घेताच गेला. तेव्हापासून त्यांच्या संशयी स्वभावाला घरात जरा मान आला होता.

आजची धास्ती मात्र वेगळी होती, आणि ती कुणाला सांगण्यासारखी नव्हती. त्रिशलाबाई चोरून मिश्री लावत. तंबाखू तव्यावर काळी होईतोवर भाजायची, चुरायची आणि बोटानं दातांवर घासायची. माहेर निपाणीजवळ, घरची तंबाखूची शेती, तेव्हापासूनची ती सवय. पाच वर्षांपूर्वी त्यांनी मुनी महाराजांसमोर हात जोडून मिश्रीचा त्याग, म्हणजे ती कायमची सोडायचा नेम, घेतला. सगळ्या समाजासमोर घेतला, बायकांनी तोंड भरून कौतुक केलं. आप्पासो गेले आणि महिन्याभरात तो त्याग मोडला. सून ऐश्वर्या दातांची डॉक्टर. "आई, एकदा दात बघू द्या," म्हणून ती मागं लागलेली. त्रिशलाबाई दोन वर्षं तिच्यासमोर तोंड मिटून हसत होत्या.

भाजायची जागा त्यांनी डोकं लावून निवडली होती. कपडे धुवायच्या मशिनची छोटी खोली. तिथं वर एक मोठी जाळी होती, पण तिच्यातून कधी वाऱ्याची झुळूक आली नव्हती. ही जाळी बंद पडलेली, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. दुपारी सम्मेद कारखान्यावर, ऐश्वर्या दवाखान्यात, शालूबाई काम आटपून गेलेली. शेजाऱ्यांना वास जायला नको म्हणून खिडकी घट्ट लावायची आणि शेगडीवर तवा ठेवायचा. धूर वर जायचा आणि कुठंतरी नाहीसा व्हायचा. डबा साबणाच्या पुड्यांमागं. दोन वर्षांत कुणाला पत्ता लागला नव्हता.

उमरभाई मिस्त्री आले ते शिडी स्वतःच्या खांद्यावर घेऊन. पन्नाशी ओलांडलेला, कमी बोलणारा माणूस. चंदनाच्या खोलीतली जाळी त्यांनी उघडली, बॅटरी मारली, बोट फिरवून बघितलं आणि ते बोट सगळ्यांना दाखवलं.

"एवढी धूळ तर कपाटावर बी असती. बुरशी न्हाय, उंदराच्या लेंड्या न्हाईत, एसी चालू केलं तर भुगा उडत न्हाय. कशाला धुतायसा?"

आता तर त्रिशलाबाईंचा संशय दुप्पट झाला. चालून आलेलं काम नको म्हणणारा कारागीर त्यांनी आयुष्यात बघितला नव्हता. ह्याचा डाव त्या टायवाल्यापेक्षा मोठा असणार.

"फिल्टर कुठं हाय?" उमरभाईंनी विचारलं.

"मशिनच्या खोलीत," सम्मेद म्हणाला.

त्रिशलाबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या. "तिथं काय काम न्हाय पावणं. ती जाळी बंदच हाय."

"बंद कशी असंल मावशी? बघू तर."

"आई, सर की जरा," सम्मेद वैतागला.

उमरभाईंनी जाळी उघडून फिल्टर खाली काढला. तो तपकिरी झाला होता, हाताला चिकटत होता. त्यांनी वास घेतला. परत घेतला. मग त्यांची नजर त्रिशलाबाईंच्या उजव्या हाताच्या काळपट बोटावर आली. बाईंनी हात पदराखाली घेतला.

"देवघरातली एक उदबत्ती द्या," उमरभाई म्हणाले.

ऐश्वर्यानं पेटवून आणली. त्यांनी फिल्टर पुन्हा बसवला, एसी चालू करायला सांगितलं आणि उदबत्ती जाळीखाली धरली. धूर सरळ वर गेला आणि कुणी ओढून घ्यावा तसा झटकन आत शिरला.

"ही जाळी हवा देत न्हाय, मावशी. घरातली हवा वढून घेती आन् गार करून खोल्यांत पाठवती."

मिनिटभरात पलीकडच्या खोलीतून चंदना ओरडली, "आज्जी, माझ्या खोलीत देवघराचा वास आलाय!"

मागची सुट्टी नातीनं सांगलीत काढली होती, पण ह्या सुट्टीत रोज दुपारी ती जेवून त्याच खोलीत झोपायची. तिला झोपवून, दार ओढून घेऊनच त्रिशलाबाई इथं येत होत्या. ज्या पोरीच्या खोकल्यासाठी त्यांनी सगळ्या जगावर संशय घेतला, तिच्या छातीत त्या स्वतःच्या हातानं धूर भरत होत्या. त्यांना स्वतःची इतकी किळस आयुष्यात कधी आली नव्हती.

"मग जळतंय काय इथं?" सम्मेदनं विचारलं.

"वास मिश्रीचा हाय. माझी आई भाजायची, वळखीचा हाय मला." उमरभाई शिडीवरून उतरले. "कोण भाजतंय ते मला काय ठावं. फिल्टर नवा टाका, इथं काय भाजू नका. डक्टाला हात लावायची गरज न्हाय. पोरीला बी कुठं धाडायची गरज न्हाय."

"शालूबाई!" सम्मेद उसळला. "दुसरं कोण? आई, तू कवापास्नं म्हणतीस की, बाई सरळ न्हाय म्हणून. उद्यापास्नं तिला येऊ नको म्हणून सांगतो."

म्हणत होत्याच त्या. अकरा वर्षं म्हणत होत्या. साबण लवकर संपला तरी शालूबाई, वाटी हरवली तरी शालूबाई. आता नुसतं गप्प राहिलं की झालं. सगळं आपोआप मिटणार होतं. पोर घरातच राहणार होती, त्यागही लोकांच्या लेखी शाबूत राहणार होता. उमरभाई खाली मान घालून स्क्रू-ड्रायव्हर पिशवीत भरत होते. त्यांना सगळं कळलं होतं आणि ते एक अक्षर बोलणार नव्हते. त्रिशलाबाईंनी त्या माणसात काही खोट सापडते का ते शेवटचं बघितलं. सापडली नाही.

त्यांनी साबणाच्या पुड्या बाजूला सारल्या, मागचा डबा काढला आणि सम्मेदच्या हातात दिला.

"शालूबाईला काय बोलू नगंस. त्या बाईनं काय केलं न्हाय. पोरीचा खोकला माझा हाय."

सम्मेदनं झाकण उघडून वास घेतला. त्रिशलाबाई सुनेकडं वळल्या. नजर त्यांनी खाली घातली नाही.

"दात बघायचं हुतं न्हवं तुला? बघ."

ऐश्वर्यानं उमरभाईंकडची बॅटरी मागून घेतली, आणि दोन वर्षांत पहिल्यांदाच त्रिशलाबाईंनी सुनेसमोर पूर्ण तोंड उघडलं.