खंडेनवमीची नळी

फहदच्या बंदुकीत सूर्य मुक्कामाला असायचा. किरगिझस्तानच्या डोंगरात त्यानं ती खांद्याला लावली की पलीकडच्या कड्यावरचे रानबोकड तिच्यात बघून आधी दाढी विंचरायचे आणि मग सावकाश निघून जायचे. एक बोकड तर जाता जाता मान वळवून हसला होता. हसण्याचं मी माझ्या पदरचं घातलंय, बाकीचं जवळपास खरं आहे. स्टेनलेस स्टीलची लांब नळी, आरशासारखी. ऊन पडलं की मैलभरावरून चमकणार, आणि चमक दिसली की जनावर पसार. बंदूक फहदला त्याच्या वडिलांनी दिलेली, वडील आता नाहीत, त्यामुळे नळी बदलायचं नावही तो काढू द्यायचा नाही.

आखातातल्या अजमानच्या इंडस्ट्रियल एरियात फहदचं लहानसं वर्कशॉप. लायसन्सवाल्या बंदुका दुरुस्त करणं, त्यांना फिनिश देणं, हे काम. सगळं काम शैलेंद्रच्या हातून व्हायचं. हा शैलेंद्र आमच्या समोरच्या दारात राहायचा, बायको सुजाता आणि लेक केयाबरोबर. मी माझ्या मुलीकडे राहतो. मला दिवसभर दुसरा उद्योग नाही, म्हणून मजल्यावरच्या सगळ्या घरांची बातमी माझ्याकडे जमा होते.

त्या वर्षी शैलेंद्रकडे त्याचे वडील आले, मुरलीधरराव. इचलकरंजीच्या मागांच्या कारखान्यात जन्मभर फिटर. बायको गेली, भाड्याची जागा सोडली, व्हिजिट व्हिसावर लेकाकडे आले. पुतण्यानं सांगलीच्या वृद्धाश्रमात एक खोली बोलून ठेवली होती, जरूर पडली तर म्हणून. त्या खोलीला पूर्वेची खिडकी आहे, असं ते येईल-जाईल त्याला सांगायचे. खिडकीबद्दल इतकं बोलणारा माणूस त्या खोलीला किती घाबरलाय, हे मला पहिल्याच दिवशी कळलं.

माझ्या थापांना त्यांच्यासारखं गिऱ्हाईक मला आयुष्यात मिळालं नाही. मी म्हटलं, ऑगस्टात इथं कावळे चपला घालून फिरतात, तर त्यांनी कोणत्या नंबरच्या ते विचारलं. केया म्हणायची, "आजोबा, ही इज लाइंग." ते म्हणायचे, असू दे, चांगलं लाइंग करतोय.

फहदनं शैलेंद्रला सांगितलं होतं, माझ्या नळीची चमक मार, हंगामाला निघायच्या आत. मनासारखं झालं तर वर्कशॉपचा इनचार्ज तू. इनचार्ज झाला की पगार व्हिसाच्या अटीत बसत होता, आणि पगार बसला की वडिलांचा रेसिडेन्स व्हिसा होत होता. म्हणजे म्हाताऱ्याचं इथं राहणं त्या एका नळीला टांगलेलं. हे शैलेंद्रनं मला लिफ्टमध्ये सांगितलं. वडिलांना एवढंच सांगितलं की इन्शाल्ला, होईल.

काम दिसतं तेवढं सोपं नाही. साधं पोलाद रसायनात बुडवलं की काळं होतं, स्टेनलेस दाद देत नाही. त्याच्यावर हवेच्या जोरानं काचेचे बारीक मणी मारावे लागतात. नळीची दोन्ही तोंडं बुचांनी बंद करायची, बंद पेटीत रबरी हातमोज्यांतून ती एकसारख्या गतीनं फिरवत राहायची. हात जरा रेंगाळला की पट्टा उमटतो. शैलेंद्रनं भंगारातल्या तुकड्यांवर हात बसवला, मग खरी नळी घेतली. झाली तेव्हा ती ढगाळ दुपारसारखी दिसत होती, करडी, मुकी. असा पृष्ठभाग नाजूक असतो, घामाचं बोटसुद्धा धरून ठेवतो. म्हणून त्यानं ती तेल लावून बाजूच्या टेबलावर ठेवली, बुचं काढून, आतूनही तेल फिरवून.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती, आणि वर्कशॉपला सुट्टी. हत्यारांची पूजा करायला फहदची कधीच ना नव्हती, बर्फी मात्र त्याला लागायची. शैलेंद्र वडिलांना घेऊन गेला. बाहेरच्या माणसाला आत आणायचा नियम नव्हता, पण सणाचा दिवस, म्हाताऱ्याला घरी कुठं एकटं ठेवा. झेंडू विसरला म्हणून तो तासाभरासाठी शारजाच्या भारतीय दुकानाकडे निघाला. जाताना म्हणाला, बाबा, तोवर हत्यारं पुसून ठेवा.

आता ज्या माणसानं जन्मभर खंडेनवमीला पाने, कानशी, मागांचे दांडे घासूनपुसून लख्ख केले, त्याला टेबलावरची ती करडी, तेलकट नळी कशी दिसली असेल? लेकानं घाईत मळकीच ठेवलेली. घरून पूजेच्या भांड्यांसाठी चिंच आणि मीठ आणलेलंच होतं. त्यांनी नळी धुतली, चिंच-मिठानं घासली, रांगोळीनं घासली, आतून ओला बोळा फिरवला. एवढ्यानं भागेना म्हणून कोपऱ्यातल्या पॉलिशच्या चाकावर धरली. हात फिटरचा होता. नळी पहिल्यापेक्षा जास्त चमकली. मग तिला हळद-कुंकू लावून पाटावर मधोमध ठेवली.

शैलेंद्र झेंडू घेऊन दारात उभा राहिला. काय बोलला, ते मुरलीधररावांनीच मला संध्याकाळी मोठ्या कौतुकानं सांगितलं. म्हणाला, "छान केलंत, बाबा." आणि पूजा केली.

त्यांना घरी सोडून तो परत गेला. नळी पुन्हा पेटीत घातली, पुन्हा मणी मारले. वरून ती पुन्हा करडी झालीसुद्धा. पण मीठ आधीच पोटात शिरलं होतं. अजमानची दमट हवा, त्यात मीठ. काही दिवसांतच मसुराच्या टरफलासारखे तांबूस ठिपके वर आले आणि गोळीला फिरकी देणाऱ्या आतल्या आट्यांतही दिसले. वरचे ठिपके घासता येतात, आट्यांतले नाही. खड्डा पडलेल्या आट्यांतून गोळी कुठं जाईल, तिची तिलाच ठाऊक.

फहदनं दिव्याचा झोत टाकून आत पाहिलं. बराच वेळ डोळा काढला नाही. मग हिंदीत म्हणाला, "शैलेंद्र, ये तेरा हाथ नहीं है. किसने किया, सच बोल."

सच बोलला असता तर फहद निवळलाही असता, त्याला स्वतःला बापाचं वेड होतं. पण लायसन्सच्या जागेत परका माणूस बंदुकीच्या भागाला हात लावतो, हे एकदा तोंडातून बाहेर पडलं की ते फहदच्या दारापाशी थांबणार नव्हतं. उद्या कोणी म्हाताऱ्यालाच बोलावून नेलं तर? शैलेंद्र म्हणाला, "मैंने किया."

"तो फिर खलास," फहद म्हणाला, आणि नळी रुमालात गुंडाळून घेऊन गेला.

घरी शैलेंद्रनं सांगितलं, धंदा बसला, माणसं कमी केली. सुजाताच्या क्लिनिकच्या नोकरीवर घर तगलं, पण वडिलांचे कागद तिथंच थांबले. डिसेंबर आला, व्हिजिट संपत आला.

एका दुपारी मुरलीधरराव आणि मी कॉर्निशवर, समुद्राकाठच्या रस्त्यावर, बाकावर बसलो होतो. त्यांनी सहज विचारावं तसं विचारलं, फहदच्या शिकारीचं काय झालं हो? मी सुटलो. म्हटलं, अहो, तीन बोकड एका गोळीत. गोळी पहिल्यातून निघाली, दुसऱ्याची चौकशी करून तिसऱ्याकडे गेली. फहद म्हणाला, नळी असावी तर अशी.

ते हसले नाहीत. समुद्राकडे बघत म्हणाले, "शैलू म्हणतो फहद गेलाच नाही, पाय मुरगळला. दोघांतला एक खोटं बोलतोय. तुमचं मी धरतच नाही, अण्णा, तुमचा तो धर्मच आहे. पण शैलूला कधी खोटं जमलं नाही."

मी म्हटलं, चहा घेऊ.

"ती मळकी नव्हती, नाही? मुद्दाम तशी केलेली होती." त्यांनी तळहात उताणे करून मांडीवर ठेवले. "घासताना मला वाटलंही, एवढा सारखा मळ कसा बसेल. पण हात थांबेना. आणि वर मीठ. फिटर माणूस मी, मिठानं पोलादाचं काय होतं हे मला कुणी सांगावं?"

मी चहाची टपरी शोधत मान वळवली.

"अण्णा, एवढ्या थापा मारल्यात. एकदा म्हणा, तुमच्यामुळे नाही झालं."

माझ्या जिभेनं कावळ्यांना चपला घातल्यात, बोकडांना हसवलंय. ते तीन शब्द मात्र तिच्यावर येईनात. मी तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. त्यांनी मान हलवली, जणू मी उत्तर दिलंय.

रात्री जेवणं झाल्यावर मी त्यांच्याकडे गेलो होतो. व्हिजिट अजून एकदा वाढवून बघतो, कुणाकडून तरी करू, असं शैलेंद्र सांगत होता. गॅलरीतून गार वारा येत होता आणि सुजातानं सासऱ्यांच्या अंगावर शाल टाकली होती. मुरलीधरराव म्हणाले, नको रे बाबा, मला इथला उकाडा सोसत नाही. सांगलीची खोली बरी, पूर्वेची खिडकी आहे.

शैलेंद्रनं वडिलांकडे पाहिलं, मग शालीकडे. केयासुद्धा काही बोलली नाही.

"बरं," शैलेंद्र म्हणाला, आणि तिकीट बघायला फोन हातात घेतला.