पुस्तकाच्या पिशवीतली बाजरी

"आजी, पुस्तकाच्या पिशवीत शेंगा घालू नगं म्हणलं ना. ती काय शेजारणीची वाटी हाय?"

"मग रिकामी धाडू व्हय? लोकाची वस्तू रिकामी माघारी दिली तर घरात लक्ष्मी टिकत न्हाई."

"अगं, पुस्तकं फुकट असत्यात."

"फुकट देतोय म्हणूनच म्हणते."

दर पंधरवड्याला आजी-नातीचं हे भांडण ठरलेलं. न्हावरे गावाच्या पुढं, उसातून गेलेल्या कच्च्या रस्त्याच्या टोकाला सखूबाईची वस्ती. तिथवर फिरत्या वाचनालयाची पुस्तकांची गाडी यायची. चालवणारा जालिंदर, आणि पुस्तकं देणाराही तोच. धनश्रीला हवी ती पुस्तकं कापडी पिशवीत घालून द्यायचा, वाचून झालेली त्याच पिशवीतून परत न्यायचा. परत जाणाऱ्या पिशवीत मूठभर काहीतरी टाकल्याशिवाय सखूबाईला चैन पडत नसे. कधी शेंगा, कधी चार कांदे. जालिंदरही शेंगा फोडत फोडत पुढच्या वस्तीला निघायचा.

सखूबाईचा अर्धा जन्म मेंढरांमागं गेलेला. परक्याच्या रानात कळप बसवायचा, मालकानं खतापोटी धान्य पदरात घालायचं. घेतलं तर दिलं पाहिजे, एवढंच तिला ठाऊक. पुढं मेंढरं विकली, विहीर पाडली, घर एका जागी बसलं. पण बाईचा स्वभाव काही विकला गेला नाही.

धनश्री तिची थोरली नात. दोन वर्षांमागं उसाच्या ट्रॉलीवरून पडली आणि खुबा मोडला. ऑपरेशन झालं, हाड सांधलं, पण पोरीनं पाय खाली टेकवायचं नाव घेतलं नाही. शाळा सुटली, मग बोलणंही सुटलं. आई-बाप कारेगावात कंपनीच्या शिफ्टला, सुट्टीला येऊन जायचे. इथं पोरगी भिंतीकडं तोंड करून पडायची आणि सखूबाई अंगारे लावून लावून थकायची.

गुण आला तो पुस्तकांनी. जालिंदरनं एक पुस्तक खाटेवर आणून ठेवलं, न मागता. सांजच्याला सखूबाई भाकरी करत होती आणि मागून आवाज आला. पोरगी मोठ्यानं वाचत होती. तव्यावरची भाकरी करपली, धूर झाला, तरी म्हातारीनं ती उलटली नाही. आपण हललो तर आवाज थांबेल, अशी तिला धास्ती.

आणि मग दिवाळीच्या तोंडावर तो दिवस उगवला. हॉर्न वाजला आणि धनश्री खाटेवरून उतरली. भिंत धरून उंबऱ्यापर्यंत आली, मग काठी टेकत टेकत अंगण ओलांडून थेट गाडीपर्यंत गेली. स्वतःच्या हातानं फळीवरचं पुस्तक काढलं. सखूबाई दारात पदराचा बोळा तोंडात धरून उभी.

त्या दिवशी तिनं मूठ मोजली नाही. नवी बाजरी नुकतीच कोठीत पडलेली. पिशवी तोंडापर्यंत भरली.

"मावशी, येवढं काय करू मी? एकटा माणूस."

"ने बाबा. आज माझी नात चालली. आज हात आखडता घेतला तर देव बघंल."

जालिंदरनं हसून पिशवी गाडीत खालच्या फळीमागं सरकवली.

दिवाळी सरली. गाडी आली नाही. पुढच्या पंधरवड्यालाही नाही. धनश्री आधी पुस्तकं मांडीवर घेऊन दारात बसायची. मग खाटेवरूनच कान द्यायची. मग तेही सोडलं आणि भिंतीकडं वळली. सखूबाईचा जीव तिळतिळ तुटत होता. आपलंच काही कमी पडलं का, म्हणून तिनं जालिंदरला द्यायला तुपाची वाटी बाजूला काढून ठेवली.

थंडी ओसरता ओसरता जालिंदर आला तो मोटरसायकलवर. हातात तीच पिशवी.

"गाडी आता डांबरी रस्त्यावरच्या शाळांनाच जाती, मावशी. वस्त्या बंद केल्या. मी बी सोडलं. कारेगावात कंपनीची बस चालवतो."

"का रं बाबा? काय झालं?"

"वरनंच आलं तसं." त्यानं तिच्याकडं न बघताच पिशवी तिच्या हातात दिली. "रद्दीत निघालेलं येक पुस्तक आणलंय. धनश्रीनं मागं मागितलं व्हतं. हे परत द्यायचं न्हाई."

पोरगी वळली. पुस्तक घेतलं, मोठ्यानं वाचायला लागली. सखूबाईच्या जिवात जीव आला, तेवढ्यात आवाज थांबला.

"पुढचं न्हाई," धनश्री म्हणाली.

"न्हाई म्हंजी?"

"उंदरानं खाल्लंय."

सखूबाईनं पुस्तक हातात घेतलं. तिला अक्षर येत नव्हतं, पण उंदराचे दात ओळखायला शाळा लागत नाही. कोपरा आतपर्यंत कुरतडलेला. शिवणीत दोन दाणे अडकलेले. तिनं ते नखानं काढून तळहातावर घेतले. बाजरी होती.

"दिवाळीच्या सुट्टीत गाडी उभी व्हती का रं?"

"व्हय."

"आन् पिशवी आतच."

"ध्यानातनं गेलं माझ्या. जुनी गाडी, पत्रा सडल्याला. उंदीर कुठनं बी शिरतंय, मावशी."

"लई पुस्तकं गेली?"

"सोडा की."

"तुझी नोकरी बी त्यातच गेली."

"कंपनीत पगार बरा हाय," जालिंदर म्हणाला.

आता पोरीनं भांडावं, 'मी म्हणलं नव्हतं का' म्हणून दोन शब्द सुनवावेत, असं सखूबाईला फार वाटलं. तिला तेवढाही आधार पुरला असता. पण धनश्रीनं पुस्तक मिटलं, उशाला ठेवलं आणि भिंतीकडं तोंड केलं.

"येतो मावशी. पिशवी द्या तेवढी, डब्याला लागती."

सवयीनं सखूबाई कोठीपाशी गेली. हात कोपरापर्यंत आत घातला, मूठ भरली. तशीच उभी राहिली. मग मूठ आतल्या आत उघडली आणि दाणे खाली सोडून दिले. पिशवी उलटी करून झटकली, घडी घातली आणि बाहेर येऊन त्याच्या हातात दिली.

जालिंदरनं पिशवी चाचपली. तिच्या तोंडाकडं बघून त्याला राहवलं नाही.

"मूठभर घाला की, मावशी. मला सवय हाय."

"न्हाई बाबा," ती म्हणाली. "माझ्या हातचं आता नगं नेऊस."