शिशाच्या पट्टीखाली

वाचनालयाच्या जिन्यावर रंगीत काचेची मोठी खिडकी होती. भिंत रंगवणाऱ्याची शिडी तिला धडकली आणि काचा धरून ठेवणाऱ्या शिशाच्या पट्ट्या वाकल्या. दुरुस्तीला खिडकी आली ती दोघी बहिणींच्या वर्कशॉपमध्येच, कारण तीस वर्षांपूर्वी ती तिथेच घडली होती. ताईची खिडकी म्हणून गावभर तिचं नाव. पुस्तकात मान घालून बसलेली बाई, आणि तिचा तो चेहरा! बघता बघता येणारा-जाणारा पायरी चुकायचा. ताईचे हात आता थरथरतात, म्हणून काम धाकटीकडे आलं. धाकटी म्हणजे चांगली चौपन्न वर्षांची बाई, पण थोरली आहे तोवर धाकटीचं धाकटेपण काही सुटत नाही.

धाकटीने आयुष्यभर वेली रंगवल्या. खिडक्यांच्या कडेची पानं, फुलं, नक्षी. चेहरा रंगवला तो एकदाच, याच खिडकीसाठी. एकाच रेखाटनावरून दोघींनी एकेक चेहरा रंगवायचा आणि चांगला उतरेल तो बसवायचा, असं ताईनेच ठरवलं होतं. काचेवर रंगवलेलं भट्टीत भाजावं लागतं, तेव्हा कुठे तो रंग काचेचा होतो. आणि भट्टीला कुणाची भीडभाड नसते. त्या सकाळी भट्टी ताईने उघडली. धाकटी पोचली तोवर एक चेहरा फडक्यात गुंडाळून ठेवलेला होता आणि दुसऱ्याचे तीन तुकडे झाले होते. तुझा तडकला, ताई म्हणाली. वर हेही म्हणाली, की तुझा हात घाईचा आहे गं, चेहऱ्याचा नाही.

धाकटी दोन दिवस रडली आणि मग मुकाट्याने वेली रंगवायला बसली. तुकडे मात्र तिने कागदात बांधून बिस्किटांच्या डब्यात ठेवले, पुन्हा कधी डोक्यात हवा जाऊ नये म्हणून. ते उघडून बघायचा धीर तिला कधी झाला नाही. पुस्तक बदलायला गेली की ती जिन्यावरून वर बघायची आणि स्वतःशी कबूल करायची, की असं आपल्याला सात जन्मांत जमलं नसतं.

तर परवा दुपारी तिने त्या चेहऱ्याभोवतीची पट्टी उलगडली. काच सोडवली, ओल्या फडक्याने कड पुसली. हनुवटीखाली, पट्टीने इतकी वर्षं झाकलेल्या चिंचोळ्या जागेत, सुईने ओरखडलेली दोन अक्षरं होती: मीच.

अक्षर तिचंच होतं. शिकणाऱ्याने सही करायची नाही, असा ताईचा नियम. म्हणून चोवीस वर्षांच्या एका आगाऊ पोरीने भाजण्याआधी, कुणाला दिसणार नाही अशा जागी, हा चावटपणा करून ठेवला होता. रडण्याच्या भरात ती तो साफ विसरून गेली होती.

तिने डबा काढला. तीन तुकडे जुळवले. हनुवटीखाली कोरी काच होती, आणि नाकाच्या शेंड्याशी ताईची ती ठाम, आखूड रेघ. तडकला होता तो ताईचा. खापर फोडलं ते धाकटीच्या माथी, आणि ही शहाणी तीस वर्षं दुसरीची फजिती स्वतःची म्हणून उराशी धरून बसली. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. परक्याने फसवलं असतं तर चार शिव्या हासडून मोकळं होता आलं असतं. पण जिने लहानपणी वेण्या घालून दिल्या, पहिला कुंचला हातात दिला, तिला काय म्हणायचं?

चारला ताई चहा घेऊन आली. चेहरा शाबूत आहे ना, हे तिने कप ठेवायच्या आधी विचारलं. धाकटीने काच तिच्यापुढे सरकवली. ताईने चष्मा लावला. दोनच अक्षरं, पण वाचायला तिला बराच वेळ लागला.

"खोटं का सांगितलंस, ताई?"

"तोंडातून निघून गेलं. म्हटलं, संध्याकाळी सांगू."

"मग?"

"संध्याकाळी तू रडत होतीस. नंतर वेल रंगवायला बसलीस." ताईने कप पुढे सरकवला. "चांगली रंगवलीस."

ताई रडेल, निदान माफी तरी मागेल, असं धाकटीला वाटत होतं. ताईने चष्मा काढून डबीत ठेवला.

"पट्टी परत घालशील ना त्या अक्षरांवर?"

"घालीन. नाहीतर काच पडेल." धाकटीने तुकड्यांचा डबा पुढे केला. "हे मात्र घेऊन जा. तुझं आहे."

ताई डबा घेऊन गेली. चहा तसाच राहिला. धाकटीने एक कोरी काच पुसून घेतली, कुंचला भिजवला आणि रेखाटन न घेताच चेहरा काढायला लागली. कपाळ उतरलं, भुवई उतरली. गालाशी आल्यावर रेघ आपसूक वळली, खाली घसरली आणि तिला टोक आलं. धाकटी त्या रेघेकडे बघत राहिली. पान मात्र सुरेख उतरलं होतं.