मागच्या दाराची काच

मच्छिंद्रभाऊंची गाडी तिसऱ्यांदा भिंगारच्या गॅरेजपुढं येऊन उभी राहिली, तेव्हा यशोधरानं हातातला पाना बाकावर आपटला. गाड्यांच्या वायरिंगच्या कामात तिचं नाव होतं. केलेलं काम परत आलं की तिच्या डोक्यात तिडीक जायची.

"पुन्हा?"

"पुन्हा! राहुरीपासनं आईला वकाऱ्या, आन मागची काच खाली जाईना," मच्छिंद्रभाऊ म्हणाले. "गुडघ्याच्या दवाखान्यासाठी दर पंधरवड्याला कोल्हारवरनं आणतो तिला. वाटंत काच बंद, आन तुमच्या दारात आलं की चालू. आमी काय खोटं बोलतो व्हय, ताई?"

मागच्या सीटवर आक्काबाई पदर तोंडाशी धरून बसल्या होत्या.

यशोधरानं ड्रायव्हरचं दार सताड उघडलं, तिथंच उकिडवं बसून गाडीतला बिघाड दाखवणारा स्कॅनर जोडला. चारही दारांचे मॉड्यूल, म्हणजे काचा चालवणारे छोटे इलेक्ट्रॉनिक डबे, ओके. आक्काबाईंनी बटण दाबलं, काच सरसर खाली गेली. यशोधरा कपाळाला हात लावून बसली. पहिल्या खेपेला तिनं मोटर तपासली होती, दुसऱ्या खेपेला मागच्या दाराचा मॉड्यूलच नवा बसवला होता. आता काय उरलं?

"पोरी," आक्काबाई म्हणाल्या, "ह्यानं त्याचं दार लावलं, की माजं बटन मरतं. मागल्या खेपेलाबी म्या सांगितलं हुतं."

"आई, तू गप बस. तुला त्यातलं काय कळतंय?" मच्छिंद्रभाऊ खेकसले.

मागच्या खेपेला यशोधराही 'हो आजी, हो' म्हणून स्कॅनरकडं वळली होती. आता मात्र तिचा हात थांबला. तिनं दार लावलं.

"दाबा, आजी."

काच हलली नाही. दार उघडलं, काच चालली. लावलं, पुन्हा ठप्प.

या गाडीत मागच्या दाराचा मॉड्यूल आपल्या मनानं काही करत नसे. मागचं बटण दाबलं तरी ड्रायव्हरच्या दारातल्या मॉड्यूलकडून एका बारीक वायरीतून निरोप आला, तरच तो काच हलवायचा. यशोधरानं ड्रायव्हरच्या दाराच्या बिजागरीजवळची, वायरींवरची रबरी नळी सोलून पाहिली. वायरीचं प्लास्टिक धड होतं, आतली तार मात्र तुटलेली. दार उघडं असलं की तारेची टोकं चिकटत. लावलं की वायर मुडपे, टोकं सुटत, निरोप तिथंच खुंटे. आणि तिनं तिन्ही वेळा तपासलं होतं ते दार उघडं टाकूनच!

स्वतःवर चरफडत तिनं तुकडा घालून वायर जोडली, कथिलाचा डाग देऊन सांधा पक्का केला. दार लावूनही काच चालली.

"मॉड्यूल उगाच बदलला मी, भाऊ. तुमचा जुना ठेवलाय, तो चांगलाच होता. चूक माझी."

मच्छिंद्रभाऊंनी मागचं दार उघडून आईपुढं पाण्याची बाटली धरली.

"तवाच ऐकलं असतं," आक्काबाई म्हणाल्या, "तर आज माजी आतडी पिळवटली नसती."

त्यांच्या आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. यशोधराला वाटलं, त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.