सवतीचा टाक

'हात लावू नये' अशी पाटी आमच्या संग्रहालयात पावलोपावली आहे. ज्याला दिसत नाही त्यानं मग इथं येऊन करायचं काय, वास घ्यायचा? हे मी साहेबांच्या तोंडावर बोलले आणि काम माझ्याच गळ्यात पडलं. तेव्हापासून मी काचेतल्या वस्तू स्कॅन करते, प्रिंटरवर त्यांची मोठी प्रत काढते, आणि दृष्टी नसलेली माणसं ती प्रत हातांनी पाहतात. कामात मी पक्की आहे, लाजून कशाला सांगू?

या महिन्यात दागिन्यांची पाळी होती. त्यात एक सवतीचा टाक. बायको वारली आणि नवऱ्यानं दुसरं लग्न केलं, की दुसरीनं पहिलीची नखाएवढी चांदीची प्रतिमा गळ्यात बांधायची. नवं लुगडं, सणाचं ताट, सगळं आधी तिला दाखवायचं. काचेतला तो टाक मीच दिलेला. माझ्या नवऱ्याची, अमोलची पहिली बायको संध्या, तिचा.

लग्नात सासूबाईंनी तो पुढे केला तेव्हा मी सरळ नाही म्हटलं. मेलेल्या बाईशी माझं भांडण नव्हतं, पण तिला गळ्यात घेऊन फिरायची हौसही नव्हती.

"काहून वं?" सासूबाई म्हणाल्या. "तिले जागा पायजे. गळ्यात नाई देली तं ते घरात मांगन."

"संग्रहालयात देते. काचेत मानानं राहील."

त्यांनी टाक माझ्या हातावर ठेवला.

मला त्या घरात एकच गोष्ट हवी होती. संध्याची मुलगी आकांक्षा सहा वर्षांची आहे. वर्षभर ती मला पाहुण्याशी बोलावं तसं 'तुमी' म्हणत होती. पोळ्याच्या दिवशी अचानक म्हणाली, "आई, मले वेणी घालून दे." मी वेणी घातली आणि न्हाणीत जाऊन पोटभर रडले. तो शब्द पुन्हा गेला तर मी कुठली उरणार?

रविवारी दुपारी अकोल्याहून रश्मी मॅडम आल्या. अंध मुलांना गाणं शिकवून रिटायर झालेल्या, स्वतःही जन्मांध, आणि जिभेला हाड नाही. मी टाकाची तळहाताएवढी प्रत त्यांच्या हातात दिली. टाकावर खराखुरा चेहरा नसतो. सोनार साच्यावर पत्रा ठोकतो; दोन डोळे, एक नाक, झाली बाई.

मॅडमची बोटं फिरत फिरत थांबली. "डाव्या भुवईत खाच आहे हिच्या."

"प्रिंटरची चूक असेल, मॅडम."

"हनुवटीले खळी आहे. तेबी चूकच काय? तुमचा चेहरा पाहू द्या बरं."

मी वाकले. त्यांची बोटं माझ्या कपाळावरून भुवईवर आली, हनुवटीपर्यंत गेली, आणि त्यांनी चटका बसल्यासारखा हात मागे घेतला.

"तुमीच आहा ना हे. सांगाचं तं होतं."

दर्यापूरच्या रस्त्यावर स्कूटीवरून पडले होते, त्याची माझ्या भुवईतली ती खाच. मी प्रत ओढून घेतली. आदल्या दिवशी मीच ती पॉलिश पेपरनं घासली होती, तेव्हा भुवई सपाट होती. धावत काचेपाशी गेले. आतल्या चिमुकल्या चांदीच्या चेहऱ्यावरही डावी भुवई तुटलेली होती. 'घरात मांगन' हे सासूबाईंचे शब्द आठवले.

मी घरी फोन लावला. आकांक्षानं उचलला.

"पिल्लू, मी आई बोलते."

"आई तं इथं आहे. मले जेवू घालून राह्यली. तुमी कोण?"

मागे बांगड्या वाजल्या. मग एका बाईचा आवाज आला. सासूबाईंचा नव्हता, मी तो कधीच ऐकला नव्हता. "कोण आहे वं?"

"कोनी नाई, आई," आकांक्षा म्हणाली, आणि तिनं फोन ठेवला.