उतरलो

“कोण बसलंय आत? एक जण उतरा की!” फीच्या खिडकीतून पार्वतीबाई ओरडल्या.

“उतरलो!” लायब्ररीतून आवाज आला.

“चढले!” पार्वतीबाईंनी बटण दाबलं आणि रांगेतल्या पोराचं नाव पडद्यावर उमटलं.

लातूरच्या त्या क्लासमध्ये नव्याने येणाऱ्याला वाटायचं, आपण चुकून जीपच्या अड्ड्यावर आलो. संगणक बारा, सगळ्या पोरांची माहिती एका सर्व्हरवर, आणि सर्व्हरमध्ये एका वेळी फक्त पाच जणांना जागा. सहावा आला की सर्व्हर दार लावून घ्यायचा. ही शिस्त संगणकांचं सगळं बघणाऱ्या हमजाची. त्याचे वडील लालमहंमद औसा रस्त्यावर काळीपिवळी जीप चालवायचे. त्यामुळे सॉफ्टवेअरचं ‘पाच सीटचं लायसन’ म्हटल्यावर हमजाला जीपच आठवली. एक उतरला की दुसरा चढणार. दिवसभरात कितीही लोक येऊन जावोत, बसलेले पाचच. लालमहंमदने हा नियम जन्मात पाळला नव्हता. पोराने मात्र तो डोळ्यांत तेल घालून पाळला.

क्लास मन्मथचा. भूकंपाच्या दिवशी मन्मथच्या गावाकडे पहिली जीप पोचली ती लालमहंमदची, आणि तीत हमजा होता. हमजा आणि मन्मथ दोघांनी हातांनी माती उपसून मन्मथच्या आईला, गौरम्माला, जिवंत बाहेर काढलं. नंतर कितीतरी दिवस मायलेक हमजाच्याच घरी राहिले. “मला दोन लेकरं,” असं गौरम्मा अजूनही येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. पुढे मन्मथने पत्र्याच्या शेडमध्ये फिजिक्स शिकवायला घेतलं, तेव्हा बाकं वाहिली हमजाने. आता शेडच्या जागी तीन मजले उभे होते आणि मन्मथचे ‘सर’ झाले होते. हमजाला तो मन्म्याच.

ऐन प्रवेशाच्या दिवसांत सर्व्हरचं सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीचा माणूस तपासणीला आला. सगळीकडे फिरला आणि मन्मथच्या केबिनमध्ये येऊन बसला.

“लायसन पाच मशीनचं आहे. तुम्ही बारा मशीनवर वापरताय.”

हमजाला हसू आलं. “साहेब, मशीन बारा असू द्या की. आत एका टायमाला पाचच असतेत. मीच सर्व्हरला तशी सेटिंग केली हाय.”

“ती सेटिंग एका वेळी किती जण जोडले जातात त्याची. लायसनचा तिच्याशी संबंध नाही. तुमच्या लायसनमध्ये मशीन मोजतात. सर्व्हरला जोडल्या जाणाऱ्या प्रत्येक मशीनला वेगळं लायसन लागतं. मग ते दिवसातून एकदाच का जोडलं जाईना.”

“आसं कसं? एका टायमाला पाच जणांचं लायसन आण म्हनलो होतो मी. मन्म्या, तेच आणलंय म्हनलास की तू!”

मन्मथ पंख्याकडे बघत राहिला.

“तसंही मिळतं, पण महाग पडतं,” तो माणूस म्हणाला. “सरांना मी दोन्ही प्रकार समजावले होते, इथेच बसून. सर म्हणाले, स्वस्तातलं द्या, आमच्या माणसाला मी काय ते सांगतो.”

म्हणजे मन्मथला पहिल्यापासून माहीत होतं. इतके दिवस सगळ्यांना उतरवत, चढवत, खोट्यालाच खरं समजून हमजा राखण करत बसला होता. तरी त्याला वाटलं, गड्याने एवढंच म्हणावं, चुकलो. पुढचं दोघं मिळून निस्तरू.

मन्मथ त्या माणसाकडे वळला.

“मी शिकवणारा माणूस, साहेब. मला यातलं काही कळत नाही. हे आमचे टेक्निशियन आहेत. बाहेरचे आहेत. यांनी परस्पर सगळीकडे टाकलं असेल. जी काही कारवाई असेल, ती यांच्यावर करा.”

मन्मथने त्याला आजवर हमज्या म्हणून हाका मारल्या होत्या, शिव्याही घातल्या होत्या. ‘आहेत’ असं आदराने मात्र कधी बोलला नव्हता. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. हमजाला राग आला, आणि रागाआधी रडू आलं.

“बाहेरचा?” तो म्हणाला. “मन्म्या, गौरम्माला इचारून ये जा, मी बाहेरचा हाय का.”

“आईला मध्ये आणू नका,” मन्मथ म्हणाला.

हमजा उठून सर्व्हरच्या खोलीत गेला. एक तार ओढली असती तर अख्खा क्लास आडवा झाला असता. पण बाहेर खेड्यापाड्यांतून आलेली पोरं आईबापांना घेऊन रांगेत उभी होती. त्याने फक्त आपलं नाव सर्व्हरमधून बाहेर काढलं, खोलीची किल्ली टेबलावर ठेवली आणि चप्पल घातली.

बाहेर पडताना सवयीने त्याच्या तोंडून गेलं, “उतरलो.”

फीच्या खिडकीतून, मान वर न करताच, पार्वतीबाई ओरडल्या, “चढले!”